श्लेष

शाळेत बाईंनी श्लेष शिकवला:
शब्द एक, अर्थ दोन.
त्याच धातूतून श्लेष्मा निघतो, हे सांगितलं नाही.
श्लिष् म्हणजे चिकटणं, मिठी मारणं.
सांगितलं असतं तर वर्ग फिदीफिदी हसला असता
आणि सगळ्यांनी मागच्या बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं असतं;
माझ्या फ्रॉकची बाही बारा महिने कडक असायची.

आता अठरा वर्षं झाली.
गोवंडीत, बैंगनवाडीच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत
मी लोकांचे बेडके बघते.
लग्नकार्यात कुणी विचारलं तर म्हणते, लॅबमध्ये असते.

सकाळी खिडकीतून डब्या येतात.
माझं वाक्य ठरलेलं:
थुंकी नको. थुंकी तोंडाची, ती काहीही बोलते.
छातीतलं आणा.
लोक लाजतात.
रक्त द्यायला हात पुढे करतात, बाही वर सारून,
हे देताना भिंतीकडे तोंड करतात.

मला त्या चिकट्याचीच कणव येते.
रात्रंदिवस राबतो बिचारा.
डंपिंगचा धूर, सिमेंट, गिरणीतलं उडालेलं पीठ,
जे आत शिरेल त्याला कवटाळतो
आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांच्या हातांवरून
वर वर सरकत घशाच्या उंबऱ्याशी येतो.
तिथं आपण त्याला गिळून टाकतो, बहुतेकदा नकळत.
पोटातही तोच, लिंपणासारखा;
नसता तर जठरानं स्वतःलाच जेवून टाकलं असतं.
बाळ जन्मलं की नर्स आधी त्याला बाहेर काढते,
मग बाळ रडतं.
आपलं पहिलं रडणंसुद्धा त्याच्या मागे रांगेत उभं असतं.

पाण्यासारखा वाहतो तेव्हा भांडण नुकतं जुंपलेलं असतं.
हिरवट रंग शत्रूचा नव्हे,
आपल्याच मेलेल्या शिपायांचा.
गंजासारखा आला की मी चहा बाजूला ठेवते.

दीक्षा ओव्हाळ, वय एकोणीस.
कारखान्यात बॅगांना चेन लावते. मेमध्ये लग्न.
दोनदा नुसती थुंकी आणली, फेसाळ, निरागस.
तिसऱ्यांदा घट्ट आणलं.
हिराच्या काडीनं काचेवर पसरलं
तर त्यात काळे कण.
मिश्रीचे.
पोरीचे दात मी पाहिले होते, कोवळ्या कणसासारखे.
शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं, हा बेडका कुणाचा.

आईला काय धाड भरलीय, तिचा खोकला मिश्रीचा,
म्हणून घरातला भरवशाचा उसना आणलेला.

फेकायला हवा होता. नियम तसा आहे.
मी लाल रंग ओतला, खालून ज्योत फिरवली,
धुतलं, निळा ओतला, तेलाचा थेंब सोडला.
निळ्या मैदानात गुलाबी काड्या,
दोन, मग पाच, मग मोजणं सोडून द्यावं इतक्या,
एकमेकींना बिलगलेल्या.

दुसऱ्या दिवशी दोघींना बोलावलं.
हौसाबाई म्हणाल्या, मला कशाला? चिठ्ठी तर हिच्या नावाची.
दीक्षानं ओढणी तोंडावर धरली
आणि ती खोकली,
पहिल्यांदाच माझ्यासमोर, खालून, अडवून न ठेवता.

मी दोन डब्या काढल्या.
एकीवर नाव लिहिताना विचारलं, हिच्यात कुणाचं?
माझंच, ती म्हणाली. शप्पथ.

मे चार महिन्यांवर होता.
गोळ्या सहा महिन्यांच्या.
हौसाबाईंनी बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली,
म्हणाल्या, दिवाळीनंतर करू.
मुलगा थांबला तर.