डावीकडे, जरा खाली

नॉबला हात लावू नकोस अजून, लावण्या.
छर्रे डावीकडे जातायत, जरा खाली,
कागद काय खोटं बोलत नाही.
पण काल ते उजवीकडे होते.
आणि परवा, तूच म्हणालीस,
एकाच भोकात तीन.
जी चूक रोज घर बदलते
ती साइट फिरवून सापडत नाही.

आधी स्क्रू.
दस्त्याचे पुढचे दोन, ट्रिगरमागचा एक.
बघ, हा नुसत्या बोटानं फिरतो.
आता पुढची साइट. नखानं ढकल.
हलली?
साखर पेठेत वीस वर्षं मी मागांचा जॉबर होतो.
धोटा उडाला की मालक विणकराच्या आईबापाला धरायचा,
मी पाना काढायचो.

तुझे वडील म्हणतात दुर्बीण बसवू,
पुण्याहून मागवू, नऊ पटीची.
चादरीच्या गठ्ठ्यांतून काढलेले पैसे असतील, म्हणून सांगतो.
ही बंदूक स्प्रिंगची. आधी मागे धक्का देते, मग पुढे,
भांडून परत समजूत काढायला आल्यासारखी.
स्वस्तातली दुर्बीण तो दुसरा धक्का सोसत नाही,
तिची फुली आतल्या आत सैल होते
आणि वरून सगळं चकचकीत.
घ्यायचीच तर चार पटीची घ्या.
दहा मीटरवर स्वच्छ दिसणारी,
डोळा जरा सरकला तरी फुली जागची न हलणारी,
आणि माउंट मागे घसरू नये म्हणून त्याला खुंटी.
नऊ पटीतून काळा गोल मोठा दिसतो खरा,
पण तुझी नाडीही तेवढीच मोठी दिसेल
आणि तू गोल सोडून तिच्याकडेच बघत बसशील.
शिवाय तुझ्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही.
तिथे भोकातून बघायचं,
भोकात कडं, कड्यात काळं,
आणि दोन्हीमध्ये सारखा पांढरा उजेड.

खरं तर दुर्बीण मला पाहिजे.
उजव्यात मोतीबिंदू, डाव्यात चाळीस वर्षांचं तूस.

थांब.
रात्री बंदूक कुठे टांगतेस?
त्या खिळ्याला?
अगं, त्या भिंतीपलीकडे गड्डमचे सोळा माग.
हात ठेव भिंतीवर. तळवा पूर्ण ठेव.
मला ऐकूच येत नाही आता तो आवाज,
त्याच्यातच जन्म गेला,
आणि रात्रपाळीभर तो तुझे स्क्रू
एकेक केसानं उलटे फिरवतोय.
परवा काय होतं आठव.
परवा वीज नव्हती. माग बंद होते.

माझ्याच हातानं लावलेत त्यातले नऊ.

आता असं कर. स्क्रू आवळ, पण पिळू नकोस,
लाकूडही रागावतं.
बंदूक चादरीत गुंडाळून पेटीत ठेव, भिंतीपासून लांब.
पाच छर्रे मार, काही न बदलता.
ते एकत्र पडले
तरच मागच्या साइटला हात:
छर्रा जिकडे न्यायचा, तिकडेच तीही.
दोन टिचक्या उजवीकडे, एक वर.

मार.

काय झालं ते सांगू नकोस,
कागद इकडे आण.
ताण्यात तुटलेला धागा शोधायचो
तसा अंगठा फिरवतो.
इथे फाटलंय.
इथेच.
थांब, अजून एकदा बघू दे.