पिकाची स्थिती: सहम, मध्य जुलै

समुद्र इथून तीन कोसांवर. दिसत नाही,
पण विहिरीत तो कधीचाच येऊन बसलाय
न बोलावता, पाय पसरून.
मीटर बुडवला की आकडा चढतो: पाच, साडेपाच, सहा.
मुरशिद, ज्याची ही जमीन, मीटरकडे बघत नाही.
ओंजळ तोंडात घेतो, खळखळवतो, थुंकतो.
"माझं लग्न झालं तेव्हा या पाण्याचा चहा होत असे."
त्याची जीभ मीटरपेक्षा फारशी चुकत नाही.

मक्याला तुरे आलेत, कणसांना केस, ओले, पोपटी.
दव सुकावं लागतं, नाहीतर परागाचा गोळा होतो,
ऊन चढू नये, नाहीतर त्याचं नुसतं पीठ.
या दोहोंच्या मधे जेवढं काही उरतं
तेवढ्यात तोफज्जल तुरा वाकवून कागदी पिशवीत झटकतो
आणि मी ती पुढच्या कणसावर उपडी करते.
तो रंगपूरचा. तिकडे तिस्तेच्या गाळात
हे काम वारा करतो, फुकट.
"इथे आपणच वारा, दीदी," म्हणतो,
"पगारी."

खरा वारा आला गेल्या मंगळवारी. घर्बी.
पश्चिमेकडून, भट्टीचं दार कुणी उघडं टाकावं तसा.
दोन दिवसांत केस करपले,
पानांच्या सुरळ्या झाल्या आणि त्या तशाच उभ्या राहिल्या,
काही विचारावं तर उत्तर न देणाऱ्या माणसांसारख्या.

साडेबारा ते साडेतीन बाहेर काम बंद, कायदाच आहे.
एसी घरघरतो. मी फॉर्म उघडते.
मस्कतला दर आठवड्याला एकच शब्द हवा असतो:
उत्तम, बरी, मध्यम, वाईट.
मका. मध्यम लिहिते. खोडते. वाईट लिहिते.
तोफज्जल पहिल्या पेरणीचं एक कणीस सोलून समोर ठेवतो.
शेंड्याकडे बोळकं, बुडाकडे बोळकं,
मधे वेडेवाकडे, एकमेकांना ढकलत उभे
सदतीस दाणे.
"मोजले," तो म्हणतो. "शून्य नाही."

सोयाबीनचं मी कुणाला सांगतच नव्हते.
वाशिमहून भाऊ फोनवर म्हणाला,
आमचं आत्ता कुठे तिसऱ्या पानावर, तुझं तर कमरेला लागत असेल.
पोटरीला, मी म्हटलं. फुलं येतात, जांभळी,
जोंधळ्याच्या दाण्याहून थोडी मोठी,
आणि सकाळी नळीखाली पडलेली असतात.
तो हसला नाही. जरा थांबून त्यानं विचारलं,
"गाठी?"

मी बघितल्या नव्हत्या. खरं म्हणजे भीत होते.
संध्याकाळी खुरपं घेऊन वाफ्याच्या कडेला बसले.
वर मिठाची पापडी, पाय पडला की कुरकुरणारी,
खाली माती, अजून दुपारइतकी गरम.
एक झाड उपटलं, बादलीत मुळं हलवली.
अकरा गाठी. मटकीएवढ्या.
एक नखानं फोडली:
आत गुलाबी, बाळाच्या हिरडीसारखी.

मुरशिद पाठीमागे येऊन उभा होता.
"मरतंय की जगतंय?" त्यानं विचारलं.
मला अरबी तेवढं येत नाही, म्हणून
जे येत होतं तेच म्हणाले:
"कामावर आहे."
तो मान हलवत राहिला बराच वेळ,
मग खजुराची मूठ माझ्या ओंजळीत रिकामी करून
पंप बंद करायला गेला.

फॉर्म अजून उघडा आहे.
मीटर: सहा पॉइंट दोन.