पाणी जोखताना

डिसेंबरात ब्रनो शहरात उजेड आठला कामावर येतो,
चारला घरी जातो.
मी ट्रामच्या डेपोतून सातला परततो,
बूट काढतो, चहा टाकतो,
आणि स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली
टाकीतलं पाच मिलिलिटर पाणी नळीत भरतो.

पहिल्या बाटलीचे दहा थेंब. हलवा.
दुसऱ्या बाटलीचे दहा थेंब. हलवा.
पाच मिनिटं थांबा.
नारिंगी.
वहीत लिहितो : नायट्रेट वीस.

वर्षभर वीस.
रविवारी पाणी बदललं तरी वीस,
विसरलो तरी वीस.
इतकं एकनिष्ठ माझ्याशी कोणीच राहिलं नव्हतं.

फक्त मासे काही वेगळं सांगत होते.
आठ वर्षांची एंजल फिल्टरच्या कोपऱ्यात
तिरकी लटकलेली, कल्ले भराभर हलवत.
निऑन रोज एखादा कमी.
मी वही दाखवायचो त्यांना. खरंच. काचेला लावून.

तिसऱ्या मजल्यावरच्या व्लस्ताबाई केक घेऊन आल्या.
एकतीस वर्षं लोकरीच्या गिरणीत
रंग जुळवायचं काम केलेली बाई. गिरणीच्या जागी आता पार्किंग.
नळीकडे बघून म्हणाल्या,
"ह्या दिव्याखाली?
ह्या दिव्याखाली तर मीसुद्धा तरुण दिसते, ओल्द्रिख."

मग दुसरी बाटली उचलून खिडकीशी धरली.
तळाशी थर, न ढवळलेल्या साखरेसारखा.
"ही कधी हलवलीस?"
"हलवतो की, नळी."
"नळी नव्हे रे. बाटली."

आणि टेबलाच्या कडेवर त्यांनी ती अशी आपटली,
तीस सेकंद, मोठ्याने मोजत,
की खालच्या प्रोखाझकांनी छताला झाडू मारला.
मग थेंब. मग नळी, पूर्ण एक मिनिट.
मग पाच मिनिटं, ज्यात त्यांनी सांगितलं :
"तुमच्या ट्रामवाल्यांच्या कोटाचा निळा
मी एकदा दिव्याखाली पास केला.
बाहेर नेला तर जांभळा. चारशे मीटर कापड.
तेव्हापासून खिडकीला विचारल्याशिवाय
मी कशालाच हो म्हणत नाही."

खिडकीत ढगाळ सकाळ. नळीमागे कोरा कागद.
लाल.
तक्त्यावर ऐंशी आणि एकशेसाठ
सख्ख्या बहिणींसारख्या शेजारी उभ्या,
कोणती कोण ते सांगता येईना.
"मग पातळ कर," त्या म्हणाल्या.
एक भाग टाकीचं, तीन भाग
इस्त्रीत घालायचं डिस्टिल्ड पाणी.
पुन्हा थेंब, पुन्हा झाडू, पुन्हा पाच मिनिटं.
वीस आणि चाळीसच्या मधलं काहीतरी.
"तीस म्हणू. गुणिले चार."

एकशेवीस.
वीसच्या रांगेखाली लिहिताना
पेन दोनदा अडलं.

"आता नळाचं बघ."
नळाचं पंचवीस.

मी खाली बसलो.
पंचवीसच्या पाण्याने भरलेली टाकी, झाडाचं एक पान नसलेली,
आणि वर्षभर तिच्यात वीस!
हे कळायला थेंबसुद्धा लागत नव्हते.
लोक एकमेकांना पाण्यात पाहतात,
मी पाण्याला वहीत पाहत होतो.

त्याच दिवशी सगळं पाणी उपसायला निघालो
तर त्यांनी बादली धरली.
"वर्षभराची सवय आहे त्यांना.
वाईटाचीसुद्धा सवय एकदम मोडू नये."
एक दिवसाआड एक बादली, अर्धं नळाचं, अर्धं डिस्टिल्ड.

एंजल बुधवारी गेली.
निऑन सात उरलेत, मोजता येतात.

आता मी सातला झोपत नाही.
आठ वाजेपर्यंत चहा धरून बसतो,
मग जिन्यात व्लस्ताबाईंच्या चपला वाजतात.
काल आम्ही दोघं नळीसमोर बराच वेळ भांडलो.
त्यांना ती केशरी वाटते, मला लालसर.
वहीत हल्ली दोन रकाने आहेत :
त्यांचं पस्तीस,
माझं चाळीस.