प्रात्यक्षिकातला पाहुणा

साकीनाक्याला, टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
आमचं पंचतारांकित हॉटेल आहे.
सहा टेबलं, एक खोटं रिसेप्शन,
आणि एक पलंग, ज्यावर आजवर कुणी झोपलेलं नाही
पण चादर रोज चौदा वेळा बदलते.
विमान आलं की मी वाक्य मधेच थांबवतो,
गेलं की क्रियापदापासून पुढे.

यंदा अभ्यासक्रम नवा आला.
नॅपकिनचं कमळ गेलं, मोर गेला, बिशपची टोपी गेली.
पाहुण्याचं नाव आता पडद्याला आधी कळतं,
त्याची उशी, त्याचं पथ्य,
मागच्या खेपेची तक्रारसुद्धा.
हे मी रात्री घरी बसून शिकतो
आणि सकाळी असं बोलतो की जणू जन्मापासून येतं.
मुलं ओळखतात. गप्प राहतात.
तेही आदरातिथ्यच म्हणायचं.

अंजुम मुकादम विचारते, सर,
चेक-इन मशीन करणार, जेवण खोलीत रोबो नेणार,
मग आम्ही नेमकं काय करायचं?
म्हटलं, उद्या सांगतो.
तो उद्या जुलैपासून चालू आहे.

माझा बाप गिरगावात लग्नाकार्यात वाढपी होता.
मठ्ठ्याची बादली, कमरेला पंचा.
त्याने शिकवलं ते एवढंच:
मागायच्या आधी वाढ,
नको म्हणायच्या आधी थांब.
हेच वाक्य मी कोट घालून तेवीस वर्षं
झुंबरांखाली विकलं, इंग्रजी नाव देऊन.
तो एकदाच आला बघायला, स्टाफच्या लिफ्टने.
म्हणाला, छान आहे रे,
पण सगळे ताटं हातात घेऊन उभे का?
बस यायची आहे का कुठली?

मग एका मार्चमध्ये झुंबरं विझली.
चारशे खुर्च्या पांढऱ्या झग्यांत तशाच बसून राहिल्या,
माझं पत्र ईमेलने आलं.
तेव्हापासून हा खडू.

प्रात्यक्षिकाला अडेल पाहुणा मीच होतो.
सूप थंड आहे म्हणतो, बिल फुगवलंय म्हणतो,
नसलेल्या बायकोचा वाढदिवस
हॉटेल विसरलं म्हणून भांडतो.
रकाने ठरलेले. स्मिताला दोन गुण,
नजरेला दोन, माफीला तीन.

काल समोर भावेश तांडेल. वर्सोव्याचा.
त्यांच्या घरची हळद आठशे माणसांची,
आणि त्याची आत्या म्हणे ताटांच्या आवाजावरून सांगते,
भात संपत आलाय.
इंग्रजीत मात्र तो ठेचकाळतो.
मागे अंजुम त्याच्यासाठी ओठ हलवत होती.

मी आवाज चढवला, "हे सूप…"
आणि वरून विमान.
मी तसाच, तोंड उघडं.

तेवढ्या वेळात त्याने एक रिकामी खुर्ची ओढली,
थोडी तिरकी केली,
माझा डावा गुडघा लांब करता येईल एवढीच जागा.
या गुडघ्याबद्दल मी वर्गात कधी बोललो नव्हतो.
मग दोन पावलं मागे जाऊन
भिंतीशी उभा राहिला.
थांबला.

विमान गेलं. मला क्रियापद आठवेना.
बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पेन वाजवलं,
सर, तुमचा संवाद?

स्मित: शून्य. माफी: शून्य.
'इतर' हा रकाना नव्या पद्धतीत काढून टाकलाय.
मी समासात सात लिहिले.
बाई म्हणाल्या, कशाचे?
म्हटलं, उद्या सांगतो.

पाय लांब करून मी बसलो होतो,
तेवीस आणि वर किती वर्षांनी कोण जाणे.
सूप खरोखरच थंड होतं.
सांगायचं राहिलं.