कोणतं घड्याळ?

इतवारीत, सराफा ओळीच्या मागच्या गल्लीत
घड्याळजींना सामान विकणारं एक दुकान आहे,
दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं नालीवर उभं राहायचं.
म्हटलं, सर्वांत बारीक पेचकस दाखवा.
पोरवालांनी विचारलं, कोणतं घड्याळ?
इंजिन आहे, म्हटलं.
त्यांनी चष्म्यावरून माझे हात पाहिले.

हात मोतीबागेचे आहेत. चौतीस वर्षं वर्कशॉप.
छत्तीसचा पाना, त्यावर पाइप चढवून
दोघांनी लोंबकळायचं, तेव्हा कुठे नट कुरकुरायचा.
उईके मिस्त्री ओरडायचा, काऊन बे, जेवून नाही आला का?
तिथं जोर कमी पडायचा.
इथं सगळी भीती तो जास्त होण्याची.

शून्य पॉइंट आठ. एक. एक पॉइंट दोन.
मुठीत धरायचेच नाहीत.
डोक्यावरच्या फिरत्या चकतीवर तर्जनी टेकवायची
आणि अंगठ्यानं नुसतं वळवायचं,
झोपलेल्या पोराचं नाक पुसावं तसं.
आधी बर्डीच्या फुटपाथवरून एक संच घेतला होता,
साठ रुपयांत बत्तीस तुकडे.
पहिल्याच स्क्रूत टोक मुरगळलं
आणि स्क्रूचं डोकं झालं चाटलेल्या खडीसाखरेसारखं.
ते इंजिन अजून तसंच पडून आहे,
पोट कोणाला दाखवत नाही.

तर हे सहा घेतले, पितळी अंगाचे. महाग.
चिमटा उजेडात धरून पाहिला,
टोकं मिळाल्यावर मधून उजेड येता कामा नये.
आणि चुंबक लागलेला नको,
नाही तर स्क्रू जायचं नाव घेत नाही,
मे महिन्यात कूलरसमोर बसलेल्या पाहुण्यासारखा.

बाकीचं गावात सापडतं.
तेलासाठी इन्सुलिनची सुई, धंतोलीच्या मेडिकलातून.
तो म्हणाला, शुगर किती आहे काका?
एक थेंब, म्हटलं.
दोन झाले की धूळ बसते,
आपल्याकडची धूळ, खसच्या ताटीतूनही येणारी,
आठ दिवसांत तेलाचं काजळ होतं.
चाकांना स्पिरिट आणि जुनी बनियन.
रुळांना सँडपेपर? नाही बापा, कधीच नाही,
चरा पडतो, चऱ्यात पुन्हा मळ.
त्याला खोडरबर, आमच्या पल्लवीचं, दहावीतलं,
कोपऱ्यावर अजून भूमितीचं कसलं तरी सूत्र.
इंजिन उलटं निजवायला जुन्या उशीचा फोम,
थर्माकोलचे दाणे गिअरात जातात.

रात्री निजवलं. चाकं हवेत, दोन तारा लावल्या.
फिरली.
आणि मला काहीच ऐकू आलं नाही.

शेडमध्ये बेअरिंग पाहायचं म्हणजे
हातभर पेचकसाचं टोक त्याच्या घरावर
आणि मूठ कानाला.
उईके म्हणायचा, तो बोलून राह्यला, तूच ऐकून नाही राह्यला.
ऐकलं की. ऐकता ऐकताच डावा कान पूर्ण गेला, उजवा अर्धा.
आणि हे माझ्या बोटाएवढं.
पितळी पेचकस कानाला लावून पाहिला. शून्य पॉइंट आठ, एक.
काही नाही.

जेवणानंतरची काडी दातांत होती.
वाकलो, तिचं दुसरं टोक गिअरच्या डबीवर टेकवलं.

आलं.
कानात नाही, जबड्यात.
बारीक, सलग,
आणि दर फेरीला एक ठेच.
मागची जोडी. काहीतरी गुंडाळलंय.

सुनंदा दारात उभी होती.
हे काय चाललंय, म्हणाली.
काडी पडू द्यायची नव्हती,
म्हणून नुसता हात वर केला,
थांब, सिग्नल द्यायचो तसा.

सकाळी चिमट्यानं निघाला. केस,
वीतभर, पांढरा.
माझे इतके लांब नाहीत.