एकतीस अंश

डिचोलीत रात्री दोनला हवा जरा निवते.
तेव्हा चॉकलेट वितळवते मी,
थेंबभर खालच्या ओठाला लावून बघते.
गरम नाही, गारही नाही,
म्हणजे जमलं.

थर्मामीटर आहे. त्याच्यावर विश्वास उल्हासचा.

खाणी बंद पडल्यापासून त्याचा ट्रक अंगणात.
बॅटरी तेवढी स्वयंपाकघरात आणलीय,
वीज गेली की तिच्यावर पंखा फिरतो.

काल चाळीस वड्यांवर पांढुरकी राख धरली.
लुर्दीनबायच्या लेकीच्या रोसची ऑर्डर.
तो काही बोलला नाही.
चष्मा लावून भिरंडसोलं
बारीक चिरत बसला,
पुन्हा पहिल्यापासून.

पूर्वी त्याचे शर्ट मी पिळायचे,
पाणी तांबडं निघायचं.
आता माझा ॲप्रन
तो पिळतो.
तपकिरी.