अकरा इंच

सफक परगणा, सप्टेंबर. गहू निघून गेलेला,
धसकटं बोटभर, आणि ट्रेलरवर माझं
लाल, नवंकोरं, तीन मीटर रुंद यंत्र.
पाठ केलेलं बोलायला लागलो:
पुढे तबकडी, काड कापत जाते,
मागे पातळ पाय, सुरीसारखा,
टोकाला पंख, जेमतेम तिरपे,
माती उचलतात, उलथत नाहीत,
शेवटी रोलर, उठलेलं बसवून टाकतो.
वरून पाहाल तर, म्हणालो, कोणी आलंच नव्हतं.

हेस्टर गॅरड, सत्तरीची, नवऱ्याच्या बुटांत.
ऐकत होती की नाही, ठाऊक नाही.
फावडं माझ्या हातात देऊन म्हणाली,
"आधी खड्डा."

वीटभट्टीच्या शेतात, मधोमध, मी खणलं.
विकायला आलेला माणूस, इस्त्रीच्या शर्टात, गुडघाभर.
ती आत उतरली, घडीची सुरी काढली
आणि भिंत टोचत खाली गेली,
सुईण पोट चाचपते तशी, दुसरीकडेच बघत.
सुरी कुठे अडली नाही.
गांडुळांची बिळं, बिळांतून उतरलेली मुळं,
भुसभुशीत, उभी, आपल्या कामात.
"इथे तुझं काय काम?"

दुसरा खड्डा. तिसरा. माझं काहीच काम नव्हतं.

चौथा फाटकाजवळ, जिथे ट्रेलर वळतात.
नऊ इंचांवर सुरी थांबली.
करडा, चकचकीत थर, पाटीसारखा,
नाकाला सडक्या अंड्याचा वास,
आणि मुळं तिथवर येऊन काटकोनात वळलेली,
अंधारात भिंत धरून
दार शोधत चालावं तशी.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग: "बीट काढत होतो. अकरा दिवस पाऊस.
ऑब्रीनं इंजिन बंद केलं, म्हणाला वाफसा नाही.
कारखान्याचा ट्रक ठरलेला होता.
मीच चालू करायला लावलं."

माझ्या पुस्तिकेत होतं चौदा, सोळा, अठरा,
जितकं खोल तितका मोठा ट्रॅक्टर.
ती म्हणाली, झाकण नवावर आहे,
त्याच्याखाली दोन बोटं. अकरा.
तळघर कशाला उकरायचं?
आणि ते रुंद पंख काढ, अरुंद लाव.

मग तळाचं ढेकूळ घेऊन तळहातावर वळलं.
दोरी झाली, लांब, गुळगुळीत.
"आज नाही. ओल्यात पाय घातलास
तर भेग पडणार नाही, लोणी कापलं जाईल."

नऊ दिवसांनी परत गेलो.
दोरी वळता वळता तुटली.

दोन बांधाकडचे पट्टे, चाकांच्या चाकोऱ्या. चाळीस मिनिटं.
एकदा गारगोटीवर बोल्ट तुटला,
तिनेच बदलला, मला पाना धरू दिला.
धसकटं उभीच राहिली,
तणाचं बी वर होतं तिथेच झोपलेलं,
आणि पलीकडच्या तासात बसलेला ससा
कान हलवण्यापुरताही उठला नाही.
मागे जाऊन मी न सांगता खणलं.
थरात भेगा, तिरक्या,
खालून वर गेलेल्या, केसाएवढ्या.
बोट घातलं तर आत गार वारा लागला,
किंवा मला तसं वाटलं.

यंत्र तिने घेतलं नाही.
एका दिवसाचं भाडं दिलं, रोख, आणि सहा अंडी.
साहेबांना सांगितलं, त्या भागात मागणी कमी आहे.

मे महिन्यात पाकीट आलं. पत्र नाही.
माझ्याच पुस्तिकेचं मागचं पान,
त्यावर चिकटपट्टीने लावलेलं गव्हाचं मूळ,
सुकलेलं, दोऱ्यासारखं, कुठेही न वळलेलं.
नऊ इंचांवर पेन्सिलची आडवी रेघ.
कागद संपला तिथे
तिने खाली आणखी एक कागद जोडला होता.